दुसरी लेन्स घेण्याआधी जुने फोटो मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडचे एक वाचक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतात. त्यांच्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स (किट लेन्स) आहे. पस्तीस हजार रुपये साठले आहेत. ५५-२५० झूम घ्यावी, ५० मिमी एफ १.८ घ्यावी की खरी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू मोठी टिपणारी लेन्स? नवी घ्यावी की वापरलेली? सोबत ट्रायपॉड, मोबाइल न हलवता धरणारा गिंबल, फिल्टर, पॉवर बँक यांतलं काय घ्यावं? गणपती झाले की कासला जायचं आहे, असंही त्यांनी लिहिलं आहे.

मी साताऱ्यात राजवाड्याजवळ औषधांचं दुकान चालवते आणि पंधरा वर्षं हौसेनं फोटो काढते. या काळात सहा लेन्स घेतल्या आणि त्यातल्या तीन विकल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येईल, पण विकलेल्या तिन्ही लेन्स मी अशाच दोन ओळींच्या सल्ल्यावर घेतल्या होत्या. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि तुमचे गेल्या वर्षभराचे फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते नोंदलेलं असतं. हा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. डिजीकॅमसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्यावरून फोटो गाळता येतात. ते जमलं नाही तर वहीत रेघा मारा. रकाने चारच करा: अगदी १८, मग ३५ पर्यंतचे, मग ५५ च्या आतले आणि शेवटी अगदी ५५ वरचे. त्यानंतर खरं काम सुरू होतं. फसलेले फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे फसण्याचं कारण एका शब्दात लिहा. हलला, अंधार, लांब राहिलं, मावलं नाही. बहुतेक लोक चांगले फोटो पाहून लेन्स ठरवतात. माझं मत उलटं आहे. चांगला फोटो जुन्या लेन्सनं निघालेलाच असतो, त्याला नवी लेन्स कशाला? नवी लेन्स फसलेल्यांसाठी घ्यायची.

मी ही मोजणी पहिल्यांदा केली तेव्हा निम्म्याहून जास्त फोटो ५५ वर निघाले. मला वाटलं, आपल्याला लांबचं हवं आहे, म्हणून झूम घेतली. ती घेतल्यावर वर्षभरानं फसलेले फोटो नीट पाहिले तेव्हा चूक कळली. ५५ वरचे बहुतेक फोटो घरातले होते. आई देवघरात, भाचीची हळद, मंगळागौरीचे खेळ. सगळ्यांपुढे कारण लिहिलं होतं ‘हलला’ नाहीतर ‘अंधार’. मी ५५ वर जात होते ती चेहरा भरून यावा म्हणून, आणि त्या टोकाला किट लेन्स फक्त एफ ५.६ पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. मला कमी पडत होता तो उजेड, आणि मी विकत घेतली होती लांबी.

एफ ५.६ आणि एफ १.८ यांतला फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून आकडा देते. दोन्ही संख्यांचा भागाकार करून वर्ग केला की साडेनऊच्या थोडं पुढे जातो. म्हणजे तेवढ्याच वेळात सेन्सरवर साडेनऊपट उजेड पडतो. समईच्या उजेडात किट लेन्सनं १/१५ सेकंद मिळत असेल, तर त्याच आयएसओला, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता तेवढीच ठेवून, ५० मिमी एफ १.८ वर १/१२५ च्या पुढे जाता येतं. १/१५ ला ओवाळणारा हात पुसट होतो, १/१२५ ला निरांजनाची ज्योतसुद्धा जागेवर राहते. फक्त पूर्ण उघड्या लेन्सवर दीड मीटरवरून जेमतेम सहा सेंटीमीटर खोली फोकसमध्ये असते. दोन माणसं मागेपुढे बसली असतील तर एकाचाच चेहरा स्पष्ट येणार. मी घरात साधारण एफ २.२ ते २.८ वर काढते.

मात्र ५० म्हणजे सगळ्यावर औषध नव्हे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, १.६ पट कापणारा. त्यामुळे ५० मिमी लेन्समधून दिसतं ते पूर्ण फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ८० मिमीइतकं अरुंद. हे मला वाईजवळ बावधनच्या बगाडाला कळलं. रंगपंचमीला सोनेश्वराहून बगाड निघतं. वर शिडाला टांगलेला, नवस फेडणारा बगाड्या, खाली बैलजोड्या आणि अंगाला अंग लागलेली गर्दी. मी हौसेनं एकटी ५० घेऊन गेले होते. मागे सरकायला हातभर जागा नव्हती. बगाड्या आला तर बैल कापले जायचे, बैल आले तर शीड. तिथं १८ ते २४ च्या आसपासचंच काम असतं, आणि उन्हात तुमची किट लेन्स ते काम उत्तम करते. तुमच्या मोजणीत ‘मावलं नाही’ हे कारण जास्त आलं, तर २४ मिमी एफ २.८ ची चपटी लेन्स बघा. ती सव्वाशे ग्रॅमची आहे, बॉडीला लावली तरी जड वाटत नाही आणि गर्दीत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता कासबद्दल. तिथल्या फुलांचे फोटो पाहून मॅक्रोचा मोह होतो आणि तो मी समजू शकते. पण कासवर जाऊन खरोखर काय करता येतं ते आधी बघू.

पठार साताऱ्याहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश आहे. आखलेली पायवाट सोडायची नसते आणि सोडूही नये. फोटोसाठी पोटावर झोपणाऱ्या माणसाखाली ‘सीतेची आसवं’ या इवल्या फुलांची किती रोपं चिरडतात हे मी पाहिलं आहे. त्या दिवसापासून मी पायवाटेबाहेर गुडघा टेकवत नाही. म्हणजे फूल बहुतेक वेळा हातभर ते दोन हात लांब असणार, आणि लेन्स तिथून काम करणारी हवी.

लेन्स वस्तूची प्रतिमा सेन्सरवर किती मोठी पाडते, त्याला मोठेपणाचं प्रमाण म्हणू. तुमच्या १८-५५ चं हे प्रमाण सुमारे ०.३४ आहे आणि सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. म्हणजे अगदी जवळ गेलात तर साडेसहा सेंटीमीटर रुंदीची जागा फ्रेम भरते. पण त्यासाठी फुलाला जवळजवळ नाक लावावं लागतं. ५५-२५० एसटीएमचं (एसटीएम हा फोकस करणाऱ्या मोटरचा प्रकार) प्रमाण ०.२९ आहे, तिच्या फ्रेममध्ये सुमारे पावणेआठ सेंटीमीटर जागा येते. आकडा किटपेक्षा कमी दिसतो, पण ते मिळतं ८५ सेंटीमीटरवरून! शिवाय २५० मिमीमुळे मागची गर्दी, छत्र्या आणि निळी-पिवळी जॅकेटं विरघळून जातात. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा झुबका, मंजिरीचे तुरे यांना हे भरपूर पुरतं. कासवरचे माझे आवडते फोटो निम्म्याहून जास्त या झूमनं काढलेले आहेत. घरात उजेड हवा असताना ती मी चुकून घेतली होती, पण पठारावर तिला तिचं खरं काम मिळालं.

गेंद या पांढऱ्या गोल फुलाचं बोंड मात्र जेमतेम सेंटीमीटरभर असतं, आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब त्याहून कितीतरी लहान. तिथं झूम पुरत नाही. खरी मॅक्रो लेन्स तुमच्या रकमेत नवी बसवायची तर बाकी सगळ्यावर पाणी सोडावं लागेल. म्हणून आधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्या पोकळ नळ्या असतात, आत काच नसते. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवल्या की लेन्स सेन्सरपासून दूर जाते आणि वस्तू मोठी दिसते. वाढणारं प्रमाण म्हणजे नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा तो मिलिमीटरचा आकडा. ५० मिमीला ३६ मिमीची नळी लावली की ०.७२ वाढतं. लेन्सचं स्वतःचं ०.२१ मिळवलं तर ०.९ च्या वर जातं, म्हणजे अडीच सेंटीमीटरहून कमी जागा फ्रेम भरते. गेंद त्यात राजासारखा बसतो.

मात्र नळी घेताना आत सोनेरी संपर्कबिंदू आहेत ना, ते बघूनच घ्या. कॅननच्या लेन्सचं छिद्र बॉडीकडून येणाऱ्या विजेच्या इशाऱ्यावर उघडमीट करतं. बिनसंपर्काची स्वस्त नळी लावली की लेन्स एफ १.८ वर अडकते. एसटीएम लेन्सचं तर हातानं फिरवायचं फोकसही बॉडीतल्या विजेवर चालतं, त्यामुळे तेही बंद पडतं. मी पहिल्यांदा अशीच स्वस्त नळी आणली आणि एक अख्खा हंगाम गेला. ईएफ-एस (तुमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची) लेन्स बसते की नाही हेही दुकानात स्वतः लावून बघा, काही जुन्या नळ्यांवर फक्त ईएफ बसतात.

एवढ्या जवळून एफ ८ ला एक मिलिमीटरहूनही कमी खोली फोकसमध्ये राहते. कासच्या वाऱ्यात फूल तेवढं तर श्वासागणिक हलतं. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमचा हात सावरते, वाऱ्याला ती काही करू शकत नाही. पहाटेच्या पहिल्या तासात वारा कमी असतो, तेव्हा जा. १/२५० च्या खाली येऊ नका, आयएसओ वाढला तर वाढू द्या. फुलावर डोळा ठेवून वारा थांबायची वाट बघा आणि थांबला की तीन-चार फोटो सलग घ्या. नळ्यांसाठी पायवाटेच्या अगदी काठावर उगवलेलं फूलच निवडा. ते नेहमी मिळतं, फक्त शोधावं लागतं.

एक युक्ती सांगते, आपल्याकडे ती फार कामाची आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या महागड्या लेन्स या चार महिन्यांत कपाटात पडून असतात, आणि कासचा बहर याच काळात येतो. कराडात काय, साताऱ्यात काय, ओळखीच्या स्टुडिओत जाऊन विचारा. दोन दिवसांसाठी मॅक्रो लेन्स भाड्यानं मिळते. एरवी मार्गशीर्षात-वैशाखात हेच लोक लेन्सला हात लावू देणार नाहीत. मी १०० मिमी मॅक्रो दोन वर्षं अशीच भाड्यानं वापरली आणि मला कळलं की वर्षातून तिची गरज मोजून पाच-सहा दिवस पडते. म्हणून मी ती घेतली नाही.

वापरलेली लेन्सही याच लोकांकडे चांगली मिळते. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे मिररलेस (आत आरसा नसलेल्या नव्या) कॅमेऱ्यांचे माउंट, म्हणजे लेन्स बसवायच्या खाचा, २०१८ ला आले, तेव्हापासून व्यावसायिक हळूहळू तिकडे सरकत आहेत आणि जुन्या ईएफ लेन्स विकायला काढत आहेत. तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की उद्या तुम्ही आरएफ बॉडी घेतलीत, तर कॅननच्या अडॅप्टरवर या ईएफ, ईएफ-एस लेन्स ऑटोफोकससकट चालतात. म्हणून ५५-२५० वापरलेली घ्यायला माझी हरकत नाही.

पण तपासून घ्या आणि लाजू नका. मी तर पिशवीतून टॉर्च घेऊनच जाते. दोन्ही झाकणं काढून लेन्समधून तिरका प्रकाश टाका. धुळीचे चार कण दिसले तर त्याकडे दुर्लक्ष करा, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा कापसाच्या तंतूंसारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. तिथून उठायचं, किंमत कितीही कमी केली तरी. छिद्र उघडमीट करणाऱ्या पात्यांवर तेलाची चकाकी आहे का बघा. झूम पुढेमागे करताना मध्येच अडकते का, माउंटला लावून हलवल्यावर खुळखुळते का, मागच्या बारीक स्क्रूंची तोंडं झिजलेली आहेत का? झिजलेली असतील तर कुणीतरी ती आधी उघडली आहे. मग भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवा, कॅमेरा अगदी समोर, सरळ ठेवा आणि झूमच्या दोन्ही टोकांना पूर्ण उघड्या छिद्रावर फोटो घ्या. चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखेच थोडे मऊ असतील तर ते चालतं. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकली आहे, बहुधा लेन्स कधीतरी पडली आहे. हे सगळं वीस मिनिटांत होतं. ज्याला घाई आहे त्याच्याकडून घेऊ नका.

नवी लेन्स ऑनलाइन घ्यावी का, हा तुमचा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे सोपा जातो. दिवसभर माझं काम पाकिटावरचं लेबल वाचायचंच असतं. परदेशातून आलेल्या वस्तूच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असावीच लागते. वजनमापाचा तो नियम आहे. ते लेबल नसेल तर माल आडमार्गानं आला आहे आणि कंपनीची इथली वॉरंटी त्याला मिळत नाही. मी एकदा चार हजार वाचतात म्हणून एका विक्रेत्याकडून अशी लेन्स मागवली. ‘दुकानाची वॉरंटी’ असं बिलावर लिहिलं होतं. आठ महिन्यांनी ऑटोफोकसची मोटर बंद पडली. कंपनीच्या केंद्रानं नंबर पाहून परत पाठवली, आणि विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. दुरुस्तीला वाचवलेल्या चार हजारांच्या जवळजवळ दुप्पट गेले. तेव्हापासून खोक्यावरचं लेबल, जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर हे तिन्ही जुळले तरच घेते. खोकं उघडताना एका फटक्यात व्हिडिओ काढून ठेवते, परत करायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. मोबाइलचा गिंबल घेऊ नका, तुमचा प्रश्न फोटोंचा आहे. नऊशे-हजारातला ट्रायपॉडही नको. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या वाऱ्यात माझा तसा ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट आडवा झाला आणि किट लेन्सची कड फुटली. चांगला घ्यायला पैसे नसतील तर तूर्त घेऊच नका, दगडावर तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवून काम भागतं. काच वाचवायला यूव्ही फिल्टर लावतात, त्याऐवजी लेन्सचा हूड लावा. स्वस्त फिल्टरमुळे दिव्यांच्या फोटोत भुतासारखे ठिपके उमटतात. पॉवर बँकेवरचा वीस हजार एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला ते पंधरा हजारांच्या आत येतं आणि रूपांतरात आणखी गळती होते, त्यामुळे बारा-तेरा हजार धरून चाला.

मेमरी कार्डाबद्दल मात्र थांबून सांगते. माझ्याकडे एकदा ६४ जीबी लिहिलेलं बनावट कार्ड आलं. त्यात खरी जागा ८ जीबीच होती. ते भरल्यावर कार्ड तक्रार न करता पुढचे फोटो घेत राहिलं आणि त्यातला एकही उघडला नाही. बहिणीच्या मुलीच्या बारशाचे होते ते. तो दिवस परत येत नाही. आता नवं कार्ड आलं की एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रॅमनं ते काठोकाठ भरून, परत वाचून बघते. त्याशिवाय ते कॅमेऱ्यात घालत नाही.

आणि पावसाळा. यात हयगय करू नका, कराडच्या दमट हवेत तर नाहीच. माझी पहिली झूम मी चामड्याच्या सुंदर पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली होती. जूनमध्ये ठेवली, गणपतीत काढली, तर आतल्या काचेवर बुरशीची नक्षी. पुण्यात साफ करायला सांगितलेली रक्कम लेन्सच्या निम्म्या किमतीएवढी होती. साफ करूनही काचेवरच्या लेपावर डाग राहिला. चामडं ओल धरून ठेवतं हे मला, औषधं कोरडी ठेवणाऱ्या बाईला, माहीत असायला हवं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, पावशेर सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, ६५ च्या वर दिवसेंदिवस राहू देऊ नका. गोळ्यांच्या बाटलीत मिळणाऱ्या पुड्या वापरू नका. त्या इवल्याशा असतात आणि तुमच्या हातात येईपर्यंत ओल पिऊन बसलेल्या असतात. नारिंगी रंगाची सिलिका घ्या. ती हिरवी झाली की जुन्या कढईत मंद आचेवर परतली की पुन्हा नारिंगी होते. निळी मिळाली तर ती चुलीवर नेऊ नका, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असतं. कासच्या धुक्यातून गाडीत बसल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर पाणी सुटतं. आणि लेन्स वापरत राहा. उजेडात, वाऱ्यावर फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

तुमच्या रकमेचा हिशेब मी असा करीन. ५० मिमी एफ १.८ नवी, बिलासकट. ५५-२५० एसटीएम वापरलेली, वर सांगितल्याप्रमाणे तपासून. संपर्कबिंदूंच्या नळ्यांचा संच, एक खात्रीचं कार्ड आणि तो कोरडा डबा. एवढं घेऊनही काही रक्कम उरावी, ती राहू द्या. मोजणीत ‘लांब राहिलं’ हे कारण फारसं आलंच नाही, तर झूमही यंदा घेऊ नका, कासपुरती भाड्यानं आणा. फसलेल्या फोटोंचे आकडे मात्र मला जरूर कळवा. त्यात वेगळंच काही दिसलं, तर हा हिशेब मी बदलीन.